वडिलांच्या वहीतील ‘मरीना’ ही नेमकी कोणती स्लोव्हाक कविता?

मृदगंध (नाशिक)

नमस्कार. एका कवितेची ओळख पटवण्यासाठी मदत हवी आहे. प्रश्न लांबलचक झाला आहे, पण तपशील दिल्याशिवाय कोणालाच काही सांगता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे वडील नाशिक जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्यात यंत्रविभागात नोकरीला होते. १९७४ साली त्यांना यंत्रांच्या देखभालीचे प्रशिक्षण घेण्यासाठी काही महिने चेकोस्लोव्हाकियात पाठवण्यात आले होते. त्या मुक्कामात लिहिलेली त्यांची जाड पुठ्ठ्याची वही, गंगापूर रोडवरचे जुने घर आवरताना, ट्रंकेच्या तळाशी पगाराच्या जुन्या चिठ्ठ्यांखाली सापडली. वहीतील बहुतेक नोंदी झडपा, बेअरिंगे, वंगण आणि रोजचा जेवणखर्च यांच्या आहेत. एका पानावर मात्र, मागच्यापुढच्या कोणत्याही नोंदीशी संबंध नसलेल्या दहा ओळी देवनागरीत लिहून ठेवल्या आहेत. पानाच्या माथ्यावर ‘मरीना, स्लोव्हाक’ इतकेच शब्द आहेत आणि तळाला ‘स्लाडकोविचोवो, मार्च १९७४’ असे लिहिलेले आहे. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन ओळी जशाच्या तशा देते.

मोझ्नो मि त्वोयिख ऊस्त सा ओद्रिएक्नुत्य
मोझ्नो मि रुकु नेदोस्तात्य
…
मोझ्नो मि सेबा सामेहो झ्हुबित्य
नेमोझ्नो मि त्या नेल्यूबित्य

मधल्या सहाही ओळी ‘मोझ्नो मि’ अशाच सुरू होतात.

‘मरीना’ हा शब्द देवनागरीत शोधला तर चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्याखेरीज फारसे काही हाती लागत नाही. रोमन लिपीत शोधले तर एक स्पॅनिश कादंबरी, एक इंग्रजी कविता, एक स्पॅनिश ऑपेरा, एक जुने इटालियन गाणे आणि जगभरातली नौका नांगरून ठेवण्याची ठिकाणे असा ढीग समोर येतो. कवीचे नाव स्लाडकोविचोवो असावे असे धरून शोधले, तर कवीऐवजी एका गावाचा नकाशा उघडतो. माझ्या मुलाने ‘स्लोव्हेन्स्की’ असा शब्द घालून शोधून पाहिले, तेव्हा निम्मी पाने स्लोव्हेनिया या दुसऱ्याच देशाची निघाली.

वहीची टंकलिखित प्रत करून घरातल्या सर्वांना द्यायची आहे, आणि या पानाला एक बिनचूक तळटीप जोडायची आहे. ही छापलेली कविता आहे, तिकडचे लोकगीत आहे, की वडिलांनी कोणाकडून तरी तोंडी ऐकलेले काही आहे, एवढे कळले तरी पुरे. आमच्या आत्यांचे म्हणणे असे की मरीना हे तिकडच्या एखाद्या बाईचे नाव असणार आणि या बाबतीत फार खोदू नये. आई ऐंशीच्या घरात आहे. ती काहीच म्हणत नाही, पण मी संगणकासमोर बसले की खुर्ची ओढून शेजारी येऊन बसते.

पंचवटीकर

ताई, प्रश्न छान आहे. एका नावाखाली अनेक गोष्टी असल्या की काय होते ते माझ्या टोपणनावावरूनच पाहा. पंचवटी म्हणजे आपल्या गोदावरीकाठचा भाग, पंचवटी म्हणजे मनमाडहून मुंबईला जाणारी गाडी, आणि पंचवटी म्हणजे मैथिलीशरण गुप्तांचे हिंदी खंडकाव्यही. ‘पंचवटीत जागा मिळाली का?’ या प्रश्नाचा अर्थ रेल्वे स्थानकावर एक आणि रामकुंडावर दुसरा. तेव्हा आधी कोणत्या मरीना वगळता येतात ते पाहू.

स्पॅनिश कादंबरी १९९९ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे वहीनंतर पंचवीस वर्षांनी, त्यामुळे तिचा प्रश्नच उरत नाही. टी. एस. एलियट यांची इंग्रजी कविता १९३० ची आहे आणि काळाच्या हिशेबात बसते, परंतु शेक्सपिअरच्या ‘पेरिक्लीझ’ नाटकातील समुद्रात जन्मलेल्या मुलीच्या नावावरून रचलेली ती मुक्त वळणाची कविता आहे, दहा ओळींच्या बांधीव कडव्यांची नाही. आर्रिएता यांची ‘मरीना’ १८५५ साली संगीतिका म्हणून आणि १८७१ साली पूर्ण ऑपेरा म्हणून रंगभूमीवर आली, पण ती स्पॅनिश भाषेत आहे. १९५९ चे इटालियन गाणे त्या काळी युरोपभर वाजत होते आणि वडिलांच्या कानांवर ते पडलेही असेल, तरी या ओळींची भाषा इटालियन नव्हे, हे ‘त्वोयिख’ या एका शब्दावरूनही सांगता येते. तो शब्द सरळसरळ स्लाव्ह कुळातला आहे. त्या कुळातली एक प्रसिद्ध मरीना पुश्किनच्या ‘बोरिस गोदुनोव’ या नाटकात आहे, परंतु ते नाटक रशियन आहे आणि वडिलांनी माथ्यावर स्लोव्हाक असे स्पष्ट लिहिले आहे.

माझा अंदाज वेगळाच आहे. यान कोलार या स्लोव्हाक कवीचे ‘स्लावी द्त्सेरा’ हे काव्य १८२४ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या नायिकेचे नाव मीना आहे. जर्मनीत शिकत असताना भेटलेल्या एका धर्मोपदेशकाच्या मुलीला कवीने हे नाव दिले होते. वडिलांनी ‘मीना’ ऐकून ‘मरीना’ लिहिले असणे मला अगदी शक्य वाटते. स्लोव्हाक कवी, प्रेयसीला उद्देशून लिहिलेल्या ओळी आणि जवळजवळ तेच नाव, इतक्या गोष्टी जुळत असताना आणखी दूर जाण्याची गरज नसावी.

जुना_ग्रंथपाल

पंचवटीकरांनी वगळलेल्या मरीना योग्य रीतीने वगळल्या आहेत, पण शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय घसरला आहे. कोलार यांचे काव्य सुनीतांचे आहे, म्हणजे प्रत्येक कविता चौदा ओळींची, आणि ताईंच्या वहीत मोजून दहा ओळी आहेत. शिवाय कोलार जन्माने स्लोव्हाक असले तरी त्यांनी ते काव्य चेक भाषेत लिहिले. वडिलांनी चुकीचे ऐकले असे गृहीत धरण्याआधी त्यांनी अचूक लिहिले असावे असे धरून चालावे, ही आमच्या पेशातली जुनी सवय आहे, आणि इथे ती उपयोगी पडते. वडिलांनी शीर्षक अचूक लिहिले आहे, भाषा अचूक लिहिली आहे आणि ओळीही जवळजवळ अचूक उतरवल्या आहेत.

या ओळी आंद्रेइ स्लाडकोविच यांच्या ‘मरीना’ या दीर्घकाव्यातल्या आहेत. हे काव्य १८४६ साली पेस्ट येथे छापले गेले. त्यात २९१ कडवी आहेत आणि प्रत्येक कडवे दहा ओळींचे आहे. वहीतले पान म्हणजे त्यातले ४१ वे कडवे, आणि सबंध काव्यातले सर्वांत जास्त लोकांना तोंडपाठ असलेले कडवे बहुधा हेच. नऊ ओळी ‘मोझ्नो मि’ने सुरू होतात आणि दहावी ‘नेमोझ्नो मि’ने. अशी रचना योगायोगाने दुसरीकडे सापडण्यासारखी नाही, म्हणून ओळखीबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रेमकवितांमध्ये हे जगातले सर्वांत लांब काव्य आहे, असे त्या देशात अभिमानाने सांगितले जाते.

आता ताईंचा शोध भरकटला तो कशामुळे, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण अशा चुका मी नोकरीतल्या तीस वर्षांत स्वतःही पुष्कळ केल्या आहेत. पानाच्या तळाशी असलेला शब्द कवीचे नाव नाही. स्लाडकोविचोवो हे स्लोव्हाकियाच्या नैर्ऋत्य भागातील, गालांता जिल्ह्यातील एक गाव आहे. पूर्वी त्याचे नाव दियोसेक होते, हंगेरियन लोक त्याला दियोसेग म्हणतात, आणि १९४८ साली या कवीच्या स्मरणार्थ ते बदलून स्लाडकोविचोवो असे ठेवण्यात आले. त्याच वर्षी दक्षिणेकडच्या हंगेरियन नावांच्या आणखी काही गावांना स्लोव्हाक साहित्यिकांची आणि भाषाकारांची नावे मिळाली. श्टूरोवो, हुर्बानोवो आणि बेर्नोलाकोवो ही त्यांतलीच, आणि पंचवटीकरांसाठी सांगायचे तर त्याच वर्षी कोलार यांच्या नावाचे कोलारोवोही झाले. आपल्याकडे एखाद्या नगराला पुढाऱ्याचे नाव मिळते, तसाच हा प्रकार. कवीचा जन्म मात्र त्या गावातला नाही. तो ३० मार्च १८२० रोजी मध्य स्लोव्हाकियातील क्रुपिना येथे झाला आणि मृत्यू २० एप्रिल १८७२ रोजी रादवान येथे, जिथे तो ल्यूथरपंथी धर्मोपदेशक होता. म्हणजे वहीच्या तळाशी आपले वडील ‘मी हे कुठे आणि केव्हा उतरवले’ ते नोंदवत होते, आणि आपण ते ‘हे कोणी रचले’ असे वाचले. गावाचे नाव कवीवरूनच पडलेले असल्यामुळे चूक अर्धी बरोबर निघाली, इतकेच.

कवीच्या नावातही एक गुंता आहे, तो तळटीप लिहिण्यापूर्वी माहीत असावा. स्लाडकोविच हे त्याने घेतलेले नाव, घराण्याचे आडनाव ब्राक्सातोरिस. दोन्हींचा अर्थ एकाच धंद्याकडे जातो. लॅटिनमध्ये ब्राक्सातोर म्हणजे बिअर गाळणारा आणि स्लोव्हाकमध्ये स्लादोक म्हणजे त्यासाठी धान्य मोडवून वाळवणारा. काही सूचींमध्ये तो एका नावाने आणि काहींमध्ये दुसऱ्या नावाने सापडतो, त्यामुळे दोन कवी असल्याचा भास होऊ शकतो.

आत्यांच्या शंकेला अर्धे उत्तर असे की मरीना खरोखरच एक स्त्री होती. ती बान्स्का श्त्यावनित्सा या चांदीच्या खाणींमुळे श्रीमंत झालेल्या गावातली, मारिया पिश्लोवा नावाची मुलगी. त्या गावात शिकत असताना तरुण आंद्रेइ त्या घरी शिकवणीला जात असे. पुढे तो जर्मनीत हाले येथे शिकायला गेला, आणि तिच्या घरच्यांनी १८४५ साली तिचे लग्न आल्याचा गोड पाव तयार करणाऱ्या एका सुस्थितीतल्या कारागिराशी लावून दिले. पुढच्या वर्षी काव्य छापले गेले. ते गाव १९९३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि मरीनाचे घर आजही तिथे लोकांना दाखवले जाते. १८९९ साली ती वारली. तेव्हा ताई, आपल्या वडिलांची तिच्याशी गाठ पडण्याचा संभव नाही, असे आत्यांना निःशंकपणे सांगावे.

एक स्थानिक मोजमाप देतो. ‘मरीना’ छापून आली तेव्हा नाशिकचे सार्वजनिक वाचनालय सहा वर्षांचे झाले होते.

मृदगंध

काका, आपले आभार कोणत्या शब्दांत मानावेत ते कळत नाही. आपला प्रतिसाद आईला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा तिने लग्नाच्या वाक्यापाशी थांबवले आणि ‘पाववाल्याशी?’ असे विचारले.

दोन शंका उरल्या आहेत. एक, या ओळी स्लोव्हाकच आहेत, चेक किंवा स्लोव्हेनियन नाहीत, हे माझ्यासारखीला स्वतः ताडून पाहता येईल का? तळटीपेत केवळ ‘जाणकारांनी सांगितले’ असे लिहायला मन तयार होत नाही. दुसरी शंका अर्थाची. ‘मोझ्नो मि’ मधला ‘मि’ म्हणजे आपला ‘मी’च का?

शब्दवेल्हाळ

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिच्यात मराठी माणसाला गंमत वाटावी असे काहीतरी आहे. ‘मि’ दिसतो आपल्या ‘मी’सारखा, पण त्याचा अर्थ ‘मी’ नसून ‘मला’ असा आहे. ‘मोझ्नो’ म्हणजे शक्य. इंग्रजीत असे वाक्य बांधताना कर्ता पुढे काढावा लागतो. स्लोव्हाकमध्ये मात्र ‘शक्य मला’ अशी, म्हणजे आपल्या ‘मला शक्य आहे’, ‘मला जमते’, ‘मला आवडते’ यांच्यासारखीच चतुर्थीची रचना चालते. वडिलांना हे कडवे पाठ झाले असेल तर त्यामागे या ओळखीच्या वळणाचाही काही वाटा असावा, असे मला वाटते. शेवटच्या ओळीत ‘ने’ दोनदा येतो. ‘नेमोझ्नो’ म्हणजे अशक्य आणि ‘नेल्यूबित्य’ म्हणजे प्रेम न करणे. आपल्या ‘न’चे आणि त्या ‘ने’चे मूळ एकच आहे. संपूर्ण कडव्याचा साधा अर्थ देतो. यमक आणि लय साधण्याचा प्रयत्न केलेला नाही.

तुझ्या ओठांना मुकणे मला शक्य आहे,
तुझा हात न मिळणे शक्य आहे,
उदास होऊन दूरदेशी पळून जाणे शक्य आहे,
नकोसा होऊन राहणे शक्य आहे,
ओठ तहानेले ठेवून मरणे शक्य आहे,
एकटेपणात झुरत राहणे शक्य आहे,
ओसाड वाळवंटात आयुष्य कोंडून घेणे शक्य आहे,
जीव असून न जगणे शक्य आहे,
स्वतःचाच घात करणे मला शक्य आहे:
तुझ्यावर प्रेम न करणे मला शक्य नाही.

आता भाषा ताडून पाहण्याविषयी. देवनागरीत उतरवलेल्या ओळींवरून हे थोडे अवघड आहे, पण छापील मजकूर समोर ठेवला तर कोणालाही करता येईल. स्लोव्हाक लिपीत ‘ल’च्या डोक्यापाशी छोटी खूण असलेले एक मृदू ‘ल्य’ अक्षर आहे, ते चेक वर्णमालेत नाही. ‘नेल्यूबित्य’ या शब्दात तेच अक्षर येते. वडिलांनी तिथे ‘ल’ न लिहिता ‘ल्यू’ लिहिले आहे, यावरून त्यांचा कान किती तयार होता ते दिसते. उलट चेकमध्ये ‘र’ आणि ‘झ’ एकत्र उच्चारल्यासारखे एक खास अक्षर असते आणि ‘उ’वर वर्तुळ काढलेला एक दीर्घ स्वर असतो. ही दोन्ही अक्षरे या दहा ओळींत कुठेच नाहीत. स्लोव्हेनियनमध्ये तर मृदू ‘त्य’ने संपणारी क्रियापदे मिळत नाहीत. तिथे मूळ रूप साध्या ‘ति’ने संपते, आणि आपल्या पानावर ओळीमागून ओळ ‘त्य’ने संपते आहे.

मुलाला स्लोव्हेनिया का दिसला, तेही सांगतो, कारण या ठिकाणी भलेभले फसतात. स्लोव्हाक माणूस आपल्या भाषेला ‘स्लोव्हेन्चिना’ म्हणतो आणि स्लोव्हेनियन माणूस आपल्या भाषेला ‘स्लोव्हेन्श्चिना’ म्हणतो. स्लोव्हाकमध्ये ‘स्लोव्हेन्स्की’ म्हणजे स्लोव्हाक, आणि तोच शब्द स्लोव्हेनियनमध्ये जवळजवळ तसाच लिहिला तर स्लोव्हेनियाचा. एका अक्षराचा फरक असल्यावर संगणकाने गोंधळ घातला तर त्याला फार दोष देता येत नाही.

शीर्षकाबद्दलही एक निरीक्षण. मूळ शीर्षकात ‘री’ दीर्घ आहे आणि तो दीर्घपणा ‘इ’वर काढलेल्या तिरक्या रेघेने दाखवतात. स्लोव्हाकमध्ये ऱ्हस्व-दीर्घाचे भान आपल्याइतकेच काटेकोर आहे. रोमन लिपीत शोधताना आपण ती रेघ गाळतो, म्हणून जगातल्या साऱ्या मरीना एका रांगेत येऊन उभ्या राहतात. वडिलांनी ‘री’ दीर्घ लिहिला तो बरोबरच आहे, पण देवनागरीत चेन्नईच्या किनाऱ्याचा ‘री’ही दीर्घच असल्यामुळे त्याचा शोधाला उपयोग होत नाही. शोध घेताना त्या रेघेसह शीर्षक लिहावे आणि सोबत कवीचे नाव जोडावे. मग किनारा आपोआप बाजूला होतो.

जुना_ग्रंथपाल

शब्दवेल्हाळ यांच्या विवेचनाला ग्रंथालयाच्या बाजूने थोडी पुस्ती जोडतो. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात स्लोव्हेनियन साहित्याला ८९१.८४, चेक साहित्याला ८९१.८६ आणि स्लोव्हाक साहित्याला ८९१.८७ हे क्रमांक आहेत. कोणत्याही मोठ्या ग्रंथालयाच्या सूचीत ‘मरीना’ शोधताना हा शेवटचा क्रमांक पाहावा. नाव सारखे असले तरी वर्गांक सारखा निघत नाही, आणि अशा बाबतीत मी शीर्षकापेक्षा वर्गांकावर अधिक विसंबून राहतो.

१८४६ या सालाबद्दलही लिहावेसे वाटते. ल्युदोवित श्टूर आणि त्याच्या सोबत्यांनी मध्य स्लोव्हाकियातल्या बोलीवर आधारलेली लिखित भाषा १८४३ मध्ये ठरवली आणि तिचे व्याकरण १८४६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ‘मरीना’ त्याच नव्या भाषेत आली. आणि त्याच वर्षी पंचवटीकरांच्या कोलारांनी, चेक आणि स्लोव्हाक लोकांची लिखित भाषा एकच राहावी असे आग्रहाने मांडणारा लेखसंग्रह काढून श्टूरला विरोध केला. म्हणजे ‘मीना’चा कवी आणि ‘मरीना’चा कवी हे नुसते वेगवेगळे नव्हते, भाषेच्या वादात ते समोरासमोरच्या बाजूंना उभे होते. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ चे आहे हे लक्षात घेतले, तर त्या सुमाराला व्याकरणाची घडी बसवण्याचे काम इकडे आणि तिकडे कसे चालले होते याची कल्पना येईल. १८५२ च्या सुधारणेने स्लोव्हाक लेखनाचे नियम पुन्हा बदलले, त्यामुळे पहिल्या आवृत्तीतले शब्द आणि नंतरच्या आवृत्त्यांतले शब्द अक्षराला अक्षर जुळले नाहीत, तर ही दुसरीच रचना आहे असे समजू नये.

याच कवीचे ‘देत्वान’ हे १८५३ मधले दुसरे मोठे काव्य तर याहून अडचणीचे आहे. देत्वान म्हणजे देत्वा गावचा माणूस, देत्वान म्हणजे प्राग येथे १८८२ साली स्थापन झालेली स्लोव्हाक विद्यार्थ्यांची संस्था, आणि देत्वान म्हणजे त्या काव्यावरून १९२८ मध्ये आलेला ऑपेराही. ताईंच्या वडिलांनी ते उतरवून घेतले नाही, हे आपले नशीब.

पंचवटीकर

माझा अंदाज मागे घेतो. ओळी मोजायला हव्या होत्या.

बॉयलर_हाऊस

मला कवितेतले काही कळत नाही, पण गावाच्या नावावरून लिहितो. मी स्वतः साखरेच्या धंद्यात चौतीस वर्षे काढली. स्लाडकोविचोवो हे साखरेचे गाव आहे. दियोसेग या जुन्या नावाने १८६७ मध्ये तिथे बीटपासून साखर करण्याचा कारखाना निघाला आणि तो गावाची ओळख बनला. तेव्हा आपले वडील त्या गावी सहलीला नव्हे, तर कामालाच गेले असणार.

महिनाही तसेच सांगतो. बीटचा हंगाम शरद ऋतूत सुरू होतो आणि हिवाळ्यात आटोपतो. मार्चमध्ये तिथला कारखाना बंद असतो आणि यंत्रे खोलून दुरुस्ती चाललेली असते. देखभाल शिकायला गेलेल्या माणसाला याहून चांगला काळ नाही. आपल्याकडे त्याच वेळी गळीत हंगाम संपत आलेला असतो. बीटच्या कारखान्यात आपल्यासारखी मिल नसते. बीटचे पातळ काप करून गरम पाण्यात त्यांची साखर उतरवून घेतात. पण रस घट्ट करण्यापासून पुढे पॅन आणि सेंट्रिफ्यूगलपर्यंतची यंत्रे आपल्या ओळखीची असतात. वहीत सेंट्रिफ्यूगलच्या नोंदी असतील तर माझे म्हणणे पक्के समजावे.

आणि हंगामाबाहेर फिटरला संध्याकाळी वेळ असतो. त्या वेळेत तिथल्या कोणीतरी आपल्या गावाचे नाव ज्याच्यावरून पडले त्याची कविता पाहुण्याला शिकवली असेल, तर मला त्यात नवल वाटत नाही. आमच्याकडे मराठवाड्यातून आलेल्या फिटरांना आम्हीही तुकोबांचे अभंग ऐकवत असू, अर्थात त्यांना ते आधीच येत असत.

मृदगंध

वही पुन्हा उघडून पाहिली. कवितेच्या आधीच्या चार पानांवर सेंट्रिफ्यूगलच्या टोपलीच्या जाळीची मापे आहेत आणि एके ठिकाणी ‘बेअरिंग बदलताना हंगेरियन फोरमन सांगेल तसे’ असेही लिहिले आहे. बॉयलर_हाऊस काका, आपले म्हणणे पक्के समजते.

शब्दवेल्हाळ यांनी दिलेला अर्थ आईला वाचून दाखवला. ती म्हणाली की परत आल्यावर कितीतरी वर्षे, रविवारी सायकलच्या साखळीला तेल घालताना, ते ‘मोझ्नो, मोझ्नो’ असे पुटपुटत असत आणि तिला ती आतापर्यंत यंत्राच्या सुट्या भागांची नावे वाटत होती. अर्थ तिने पुन्हा एकदा वाचायला लावला. मग ‘शेवटची ओळ वहीत त्यांच्याच हातची आहे ना, बघ’ असे म्हणाली. त्यांच्याच हातची आहे.

तळटीप पुढीलप्रमाणे लिहिली आहे. काही चुकले असल्यास सांगावे.

‘या दहा ओळी आंद्रेइ स्लाडकोविच (मूळ आडनाव ब्राक्सातोरिस, १८२०–१८७२) या स्लोव्हाक कवीच्या “मरीना” या दीर्घकाव्यातील ४१ वे कडवे आहेत. काव्य बुडापेस्ट येथे १८४६ साली प्रसिद्ध झाले. पानाच्या तळाशी लिहिलेले स्लाडकोविचोवो हे कवीचे नाव नसून, त्याच्या नावाने १९४८ पासून ओळखल्या जाणाऱ्या गावाचे नाव आहे. तेथे अण्णा १९७४ साली प्रशिक्षणासाठी राहिले होते.’

जुना_ग्रंथपाल

उत्तम झाली आहे. एकच दुरुस्ती करावी. बुडा आणि पेस्ट ही नदीच्या दोन काठांवरची वेगवेगळी शहरे होती आणि ती एक होऊन बुडापेस्ट झाले ते १८७३ मध्ये. १८४६ च्या पुस्तकासाठी नुसते ‘पेस्ट’ असेच लिहावे, नाहीतर उद्या आपला एखादा नातू त्या सालात बुडापेस्ट शोधायला निघेल.

मृदगंध

दुरुस्ती केली. आईने आणखी एक सुचवली, तीही केली. ‘अण्णा’ या शब्दाआधी ‘आमचे’ घातले आहे.